वहिनी, ती पट्टी तुमचीच

तीर्थरूप वादी, म्हणजेच वहिनी, यांच्या चरणी प्रतिवादी दिराचा साष्टांग नमस्कार.

उद्या सकाळी अनसूयेला घेऊन मी तालुक्याला चाललो आहे. तत्पूर्वी तुमच्याशी दोन शब्द बोलणे अगत्याचे आहे. आज रविवार, शाळेला सुटी, तिसरा प्रहर, आणि घरात अस्मादिकांचे भाषण ऐकून घेण्यास एकही जीव तयार नाही. तुम्ही होतात तेव्हा निदान चुलीपुढे बसून ऐकल्याचे सोंग तरी करीत होतात. म्हणून लेखणी हाती घेतली.

आधी विजयवार्ता सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या वकीलसाहेबांचा माणूस आला. म्हणाला, "मास्तर, अभिनंदन! वादी मयत झाली, दावा आता पडल्यात जमा. दोन्ही जमिनी तुमच्या वहिवाटीत आहेत, तशाच राहतील. मुलीने पुढे भांडायचे म्हटले तर तिची वर्षे जातील. तुम्ही फक्त काही करू नका. स्वस्थ बसा."

वहिनी, उभ्या आयुष्यात मी प्रथमच काहीतरी जिंकलो, आणि तेही काही न करता! त्या माणसाला मी गूळपाणी दिले. तो गेल्यावर मागल्या पडवीत जाऊन बसलो. या घरात कोणतीही बातमी प्रथम तुमच्या कानावर घालायची रीत. ही बातमी कोणाच्या कानावर घालायची होती, सांगा बरे?

दादा गेले ते युद्धाच्या दिवसांत. रॉकेल मिळत नव्हते, म्हणून करडईच्या तेलाची पणती त्यांच्या उशाशी लावली होती, हे तुम्हाला आठवत असेल. त्यांच्यामागे राहिलात तुम्ही आणि तुमची अनसूया. ती तेव्हा सासरी होती. पुढे माहेरी आली, "परकुर्ती बरी न्हाई" असे तुम्ही सर्वांना सांगितले, आणि ती इथेच राहिली. मी अधिक विचारले नाही. सभ्य गृहस्थ असे प्रश्न विचारीत नाहीत, असा माझा समज. या सभ्यतेवर मी एखादा ग्रंथ लिहायला हवा होता. निदान तेवढा वेळ तरी गप्प बसलो असतो.

मग एके दिवशी तुम्ही म्हणालात, "भावजी, वाटनी करा."

त्या वर्षी देशाचीच वाटणी चाललेली, सगळ्या मुलखाच्या तोंडी तोच विषय. चावडीवर वर्तमानपत्र वाचून दाखवताना माझा घसा त्याच शब्दावर बसलेला. मला वाटले, हवेतली साथ आपल्या घरातही शिरली. मी विचारले, "वहिनी, मी जेवायला कमी घालतो का?"

"घालायला तुमी कोन? स्वयंपाक मी करते," तुम्ही म्हणालात. "तुमी हाय तवर काय बी चिंता न्हाई. पन तुमच्यामागं सुना येतील. त्यांच्या तोंडाकडं बघत बसू का मी? माजा वाटा माज्या नावानं पायजे."

न्याय्य मागणी! विधवेला हिस्सा मागता येतो, असा नवा कायदाही झालेला. मी तात्काळ पंच बोलावले.

आपल्याकडची पद्धत तुम्हाला मी काय सांगावी! थोरल्या घराने वाटे पाडायचे, आणि धाकट्याने आपल्याला हवा तो आधी उचलायचा. पाडणाऱ्याच्या मनात खोट आली, तर चांगला वाटा उचलणाऱ्याच्या हाती जातो. म्हणून कोणी लबाडी करीत नाही. थोरले घर म्हणजे आता तुम्ही. तुम्ही उंबऱ्याआड उभ्या राहून, तात्या पाटलांच्या तोंडून वाटे सांगितलेत. एका बाजूला नदीकाठची काळी जमीन, गावापासून कोसभर लांब, पण शाळूचे कणीस असे की दोन्ही मुठींत मावू नये. दुसऱ्या बाजूला आपल्या मागल्या दारालगतची पट्टी. काळीपेक्षा मोठी, पण मुरूम, कुसळ, बाभळी, आणि घोडेगावच्या बाजाराला निघालेली गुरे तिच्यातून वाट काढतात. ग्रामस्थ प्रातःकाळी तांब्या घेऊन ज्या विविध दिशांना प्रस्थान ठेवतात, त्यांपैकी एक दिशा तीच.

"उचला मास्तर," तात्या पाटील म्हणाले. "काळी का पट्टी?"

सगळी चावडी माझ्याकडे बघत होती. शहाणा माणूस काय उचलील हे शेंबड्या पोरालाही माहीत. तुम्हीही तेच गृहीत धरले होते. परंतु, वहिनी, तुम्ही ज्या माणसाला मिसरूड फुटण्यापूर्वीपासून ओळखत होता, तो माणूस प्रेक्षक दिसले की शहाणा राहत नाही, हे तुम्ही कशा विसरलात?

मी उभा राहिलो. उपरणे सावरले. म्हणालो, "ज्येष्ठ बंधूंच्या पत्नीस सुपीक भूमी अर्पण करून हा अनुज ती पाषाणयुक्त भूमी शिरोधार्य मानतो."

मागून कोणीतरी विचारले, "म्हंजी मास्तर, घेतलं काय?"

"पट्टी."

"मंग तसं म्हना की!"

परंतु लोक हेलावले. तात्या पाटलांनी डोळ्याला धोतराचा सोगा लावला. "दीर असावा तर असा," असे उद्गार मी स्वतःच्या कानांनी ऐकले, आणि त्यावर पुढचे कित्येक दिवस काढले. उंबऱ्याआड काहीतरी धातूचे जोरात आपटले. मला वाटले, गहिवरून तुमच्या हातून तांब्या पडला!

संध्याकाळी मी कौतुकाच्या अपेक्षेने चुलीपाशी आलो. तुम्ही भाकरी थापीत होतात. थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. अनसूया जात्यावर दळत होती.

"भावजी, काय केलं हे?"

"कर्तव्य."

"कर्तव्य घाला चुलीत. काळी तुमी घ्या. पट्टी मला द्या."

"वहिनी, तुमचा त्याग मी जाणतो, पण…"

"त्याग कुनाचा काय! मला ती पट्टीच पायजे. सरळ सांगते तरी डोस्क्यात शिरंना व्हय?"

"पण कशासाठी?"

जाते थांबले. तुम्ही लाकूड आत सारलेत. धूर झाला, डोळे पुसलेत. "पायजे म्हनून."

मी म्हणालो, चारचौघांत दिलेला शब्द फिरवता येत नाही. उद्या लोक म्हणतील, मास्तराने विधवेची काळी गिळली. तुम्ही भाकरी उलटलीत. जाते पुन्हा सुरू झाले. त्या थांबलेल्या जात्याकडे मी बघायला हवे होते, नाही का? परंतु माझे चित्त माझ्याच औदार्यात रमले होते, आणि तिथून त्याला हलवणे सोपे नसते.

मग तुम्ही तुमच्या भावाबरोबर तालुक्याला गेलात आणि माझ्यावर दावा ठोकलात!

बेलीफ समन्स घेऊन आला तो प्रसंग मी मरेपर्यंत विसरणार नाही. दार तुम्हीच उघडलेत. त्याने माझे नाव विचारले. "बसा दादा, उनातनं आलासा," म्हणून तुम्ही त्याला ताक दिलेत, मीठ-जिरे घालून. मग आत आलात आणि म्हणालात, "भावजी, सही करा. तुमच्यावर दावा लावलाय मी." मी सही केली. दौत तुम्हीच धरली होती. बेलीफ ताक पिऊन म्हणाला, "एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं घर बघितलं न्हाई." तुम्ही विचारलेत, "आनखी घालू?"

तारखेला आपण एकाच गाडीतून जायचो, कारण घरात गाडी एकच. बैल माझे, त्यांच्या गळ्यातल्या सापत्या तुमच्या हिश्शाच्या, असे काही अजून ठरायचे होते. शिदोरी अर्थात एकच. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली तुम्ही फडके सोडायचात, भाकरी, पिठले, लसणाची चटणी, आणि वादी प्रतिवादीला आग्रह करकरून वाढायची. तुमचे वकील एकदा संतापून आले. "बाई, समोरच्या पक्षाला निदान कोर्टाच्या आवारात तरी वाढू नका! साहेब खिडकीतून बघताहेत."

तुम्ही म्हणालात, "मंग काय उपाशी ठिवू? दावा जमिनीचा हाय, पोटाचा न्हाई."

आणि ते मुन्सफसाहेब! बिचारे कागद उलटसुलट करून बघत होते. "वादीला चांगली जमीन आली आहे, ती तिला नको. प्रतिवादीला वाईट आली आहे, ती त्याला सोडायची नाही. असेच ना?" दोन्ही वकील खाली मान घालून म्हणाले, "असेच." साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही दोघे घरी जाऊन बोला."

तुम्ही पदर सावरून म्हणालात, "घरी बोलूनच आलो, साहेब."

हशा झाला. मीही हसलो. तुम्ही मात्र हसला नाहीत. आता कळते, तुम्हाला त्यात हसण्यासारखे काहीच नव्हते.

त्या दिवशी परतताना गाडीत मी पुन्हा माझे पालुपद सुरू केले. लोक काय म्हणतील, दादांच्या आत्म्यास काय वाटेल, माझ्या नावास बट्टा लागेल. तुम्ही बैलांच्या पाठीकडे बघत होतात.

"लोकांचं तुमाला पडलंय," तुम्ही म्हणालात. "नावाचं बी पडलंय. माजं कुनाला पडलंय?"

तुम्ही शिदोरीतली उरलेली चतकोर भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवलीत. मी खाल्ली. वहिनी, त्या क्षणी तुम्ही सांगून टाकायला हवे होते! गाडीत तिसरे कोणी नव्हते. बैल आपल्या घरचे, ते कोणाला सांगणार होते?

पौषातल्या थंडीने तुमची छाती भरली. वैद्यांचा काढा झाला, डॉक्टरांची सुई झाली. शेवटच्या दिवशी सर्व म्हणत होते, देवाचे नाव घ्या. तुम्ही डोळे उघडून मला विचारलेत, "तारीख कवा हाय?" मी सांगितली. तुम्ही मान हलवलीत. तारखेपर्यंत टिकायचा तुमचा विचार होता हे मी बघितले. पण टिकला नाहीत.

दिवसवार झाले. नदीकाठच्या काळीत तेव्हा शाळू हुरड्यावर आलेला. मला वाटले, तुमच्या आत्म्यास शांती देण्याचा यापेक्षा प्रशस्त मार्ग नाही. मी अनसूयेला बोलावले आणि यथोचित प्रस्तावना करून सांगितले की, काळी जमीन तुझ्या आईची ठरली होती, तिचे पीक तुझेच, यापुढे ती तूच कसावी.

ती म्हणाली, "राखनीला कोन जाईल, काका?"

"म्हणजे?"

"दिसभर पाखरं, रातीला चोर, डुकरं. शेतातल्या माळ्यावर झोपायला लागतं. कोसभर लांब, नदीच्या काठाला. मी एकली जाऊ?"

"गडी ठेवू."

"एकल्या बाईनं रातीचा गडी ठिवला तर गाव काय म्हनंल, त्ये तुमीच सांगा. तुमाला गावाचं लई कळतं."

वहिनी, तुमचीच लेक! मी म्हणालो, "तुझी प्रकृती सुधारली की यजमान तुला घेऊन जातीलच. तोवर…"

तिने पदराने हात पुसले. जणू पीठ लागले होते. लागले नव्हते.

"त्यांनी दुसरं लगीन केलंय, काका. कवाच. मला न्यायला कुनी यायचं न्हाई, आन आलं तरी मी जायची न्हाई. आईला ठावं हुतं. तिनं मला कुनापुढं त्ये बोलू दिलं न्हाई." मग हळू आवाजात म्हणाली, "आई म्हनायची, पट्टी असली की मागल्या दारात बसून राखता येईल. म्हस बांधायची, दूध घालायचं, वांगी-मिरच्या लावायच्या. गुरांनी तुडवलं तर घरातनं हाक मारता येईल. आन सांज झाली की आत येऊन कडी लावता येईल."

मला उपरणे सावरायचेही सुचले नाही.

तर हे असे होते! तुम्ही वाटे पाडलेत तेव्हा तुम्ही शाळू मोजत नव्हता. तुम्ही संध्याकाळ मोजत होता. आणि मी, तुमचा विद्वान दीर, भर सभेत उभा राहून, टाळ्या घेऊन, अनसूयेच्या दाराची कडी काढून घेतली!

पण वहिनी, रागावतो हं मी! घरात का नाही सांगितलेत? मला का नाही विश्वासात घेतलेत? प्रश्न लिहितो आणि उत्तरही मलाच दिसते. मला सांगितले असतेत, तर मी पंचांपुढे त्याचे करुणरसपूर्ण निरूपण केले असते. कोर्टात ते वाचले गेले असते. लिंबाखालच्या रिकामटेकड्यांनी अनसूयेचे नाव चघळले असते. तिचे सासर सुटले हे तुम्ही शेवटपर्यंत जिभेवर येऊ दिले नाहीत, लोभी म्हणवून घेतलेत. "मास्तरानं काळी दिली तरी बाईचं समाधान न्हाई," हे पाणवठ्यावर तुमच्या कानावर येतच होते ना? कसे ऐकून घेतलेत?

मी सौभाग्यवतींना सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होते." मी आश्चर्याने विचारले, "मग मला बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलायचे कधी थांबलात?" या प्रश्नावर अपील नाही.

मग मी अनसूयेला म्हणालो, "पट्टी तुला बक्षीसपत्राने लिहून देतो."

"बक्षीस?" ती ताडकन म्हणाली. "म्या काय तमाशात नाचले का काय, बक्षीस घ्यायला? आईचा वाटा हाय त्यो. वाटा म्हनून द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

मी वकीलसाहेबांकडे गेलो. ते हबकले. "अहो, दावा तुमच्या खिशात आहे! आणि मुलीला वाटा म्हणून लिहिणे कायद्यात बसत नाही." मी म्हणालो, "बसत नसेल तर बक्षीसपत्राच्या पोटात लिहा की, वादीने आपल्या हिश्शास जी जमीन मागितली होती, तीच ही, आणि ती तिच्या कन्येस देण्यात येत आहे." त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळले. मग लिहिले. नगरास नोकरीवर असलेल्या चिरंजीवांनी येऊन संमतीची सही केली आणि जाताना म्हणाले, "बाबा, मसुदा छान आहे. तुम्ही लिहिलेला दिसत नाही." अनसूयेने मसुदा दोनदा वाचून घेतला. हिश्शाचे वाक्य आले तेव्हा म्हणाली, "आता हाय बरं."

अर्थात पट्टी तिच्याकडे गेली की काळी माझ्याकडे राहते. ही गोष्ट गावात लपत नसते. उद्या तालुक्याला दस्त नोंदवायचा, तर साक्षीला चला म्हणून काल तात्या पाटलांकडे गेलो. त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे बघितले. "म्हंजी मास्तर, बाई मेली आन शेवटाला काळी तुमीच घेतली. पोरीला खडकाळ पट्टी."

चार माणसे बसली होती. साऱ्यांच्या नजरा त्या दिवसासारख्याच माझ्यावर होत्या. वहिनी, खरे कारण माझ्या जिभेच्या टोकावर होते. सबंध, अलंकारांसहित.

मी म्हणालो, "व्हय."

एवढेच. कोणी विचारले नाही, म्हंजी काय. त्यांना कळले. कोणीतरी थुंकले. मी घरी आलो.

आता तुम्हाला वचन देतो, आणि या खेपेस टाळ्या वाजवायला कोणी नाही. गाव मला जे म्हणेल ते म्हणू दे. चावडीवर म्हणू दे, शाळेच्या दारात म्हणू दे, मी मेल्यावर म्हणू दे. मी कारण सांगणार नाही. अनसूयेला सांगावेसे वाटले तर ती सांगेल, तिला हवे तेव्हा, हवे त्याला. ते तिचे आहे. माझे काम इतकेच की माझ्या हयातीत आणि माझ्यामागे, माझ्या मुलांना आणि येणाऱ्या सुनांना बजावून, त्या पट्टीच्या बांधाला कोणी हात लावणार नाही. आणि दिवेलागणीला मागल्या दाराची कडी ती आतून लावील, बाहेरून तिला कोणी बोलावणार नाही.

लोभ असावा म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही, तरी असावा.

तुमचा दीर,
नारायण